टीपीआर चार्टवरचा विषम आकडा

मागच्या महिन्यात फीमेल मेडिकल वॉर्डला आमच्या नर्सिंग कॉलेजच्या थर्ड सेमच्या पोरींचं पोस्टिंग होतं. संध्याकाळी साडेचारला मी राउंडला गेले, म्हणजे डॉक्टरांचा राउंड नव्हे, आमचा क्लिनिकल इन्स्ट्रक्टरचा, हातात अटेंडन्स आणि मनात एकच देवाला साकडं की आज कुणी सलाईन संपून नळीत रक्त उलटं येईपर्यंत मोबाईल बघताना सापडू नये. नऊ नंबरच्या बेडवर एक आजी होत्या. आडव्या झाल्या नव्हत्या, कॉटच्या कडेला पाय सोडून, दोन्ही हात गादीवर रोवून बसलेल्या, आणि बोलताना दर तीन शब्दांनी थांबायच्या. मी पायथ्याचा टीपीआर चार्ट काढला, म्हणजे ताप, पल्स आणि श्वास लिहायचा तक्ता. रेस्पिरेशनच्या, म्हणजे मिनिटाला श्वास किती त्या रकान्यात सकाळी सहाला २०, दहाला २०, दोनला २०. आदल्या दिवशी पण २०, २०, २०, एका ठिकाणी फक्त १८, नाईटवालीला सारखं तेच लिहायचा कंटाळा आला असेल.

मी मनगट धरलं, पल्स बघतेय असं दाखवत छातीकडे बघितलं आणि पूर्ण मिनिट मोजलं. ३४.

ज्या पोरीला तो बेड दिला होता तिला बोलावलं. म्हटलं हे दोनचं टीपीआर कुणी घेतलं? "मीच घेतलं मॅडम." मोजलंस? गप्प. परत विचारलं तर खाली बघत म्हणाली, "मॅडम, सगळ्यांचं २०च असतं ना." आणि मला रागवायचं होतं पण खरं सांगते हसूच आलं, कारण त्या वॉर्डातल्या कुठल्याही बेडचा चार्ट उघडला तरी तिचं म्हणणं शब्दशः खरं होतं.

आता गंमत बघा. आजींची पल्स ११२ होती, सॅच्युरेशन म्हणजे रक्तातला ऑक्सिजन ९३, वरचं बीपी १३०, ताप नाही, शुद्धीवर. ऑक्सिजन अजून लावला नव्हता. आमच्याकडे अर्ली वॉर्निंग स्कोअर वगैरे काही वापरत नाहीत, पण मला ती सवय लागलीये, मनातल्या मनात बेरीज करते. इंग्लंडमध्ये रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१२ ला न्यूज नावाचा स्कोअर काढला, डिसेंबर २०१७ ला त्याची दुसरी आवृत्ती आली, त्यात श्वास, सॅच्युरेशन, बीपी, पल्स, शुद्ध, ताप या सहा गोष्टी आणि वरून ऑक्सिजन लावलाय का, एवढ्यावर मार्क असतात. मार्क जितके जास्त तितका पेशंट वाईट. तर पल्सचे २, सॅच्युरेशनचे २, झाले ४. श्वास २० धरला तर त्याचे शून्य, एकूण ४च, म्हणजे वॉर्डातल्या सिस्टरने चार-सहा तासांनी परत बघायचं. श्वास ३४ धरला तर त्याचे ३, एकूण ७, आणि सात म्हणजे इमर्जन्सी, तातडीने सीनियरला बोलवा आणि पेशंटवर सतत लक्ष ठेवा. पेशंट तीच, बेड तोच, वेळ तीच. फरक फक्त एका न मोजलेल्या मिनिटाचा.

आणि त्या स्कोअरचा तक्ता नीट बघितला तर अजून एक गोष्ट दिसते जी माझ्या बरीच वर्षं लक्षात आली नव्हती. १२ ते २० ला शून्य, मग २१ ला एक नाही, थेट २, आणि २५ ला ३. म्हणजे आपण सवयीने जो आकडा लिहितो तो नेमका शून्याच्या शेवटच्या पायरीवरचा. एक जरी श्वास पुढे गेला असता तर घंटा वाजली असती. आपण पेशंटला रोज त्या पायरीवर नेऊन उभं करतो आणि वर लिहितो, ऑल इज वेल.

बरं, २०च का? १७ का नाही, १९ का नाही? याचं उत्तर मोजण्याच्या पद्धतीत आहे, आणि ते एकदा कळलं की चार्ट वाचायची नजरच बदलते. जो पंधरा सेकंद मोजून चारने गुणतो त्याला १६, २०, २४ एवढेच आकडे मिळू शकतात. जो अर्धं मिनिट मोजून दुप्पट करतो त्याला फक्त सम आकडे. या दोन्ही रस्त्यांनी विषम आकडा येतच नाही, तो दिसला तर बहुतेक पूर्ण मिनिट मोजलेलं असतं. शिवाय पंधरा सेकंदात एक श्वास इकडचा तिकडे झाला की उत्तरात चारचा फरक. आणि जो मोजतच नाही त्याचं तर काय, त्याला पुस्तकात पाठ केलेलं १२ ते २० आठवतं, त्यातला गोल आकडा उचलतो. तेव्हापासून मी चार्ट हातात घेतला की आधी विषम आकडा शोधते. २३ दिसला, २७ दिसला की समजायचं इथे कुणीतरी खरंच उभं राहिलं होतं. महिनोन्‌महिने दिसत नाही हो.

टीपीआर घेण्यातल्या बाकी सगळ्या गोष्टींना मशीन आलंय. थर्मामीटर पीप करतं, बीपीचं मशीन स्वतःच फुगतं, बोटाला ऑक्सिमीटर लावला की सॅच्युरेशन आणि पल्स दोन्ही एकदम, पल्ससाठी पण आता कोण बोटं लावतंय. श्वास तेवढा राहिला ज्याला जनरल वॉर्डात मशीन नाही, तिथे माणसाने उभं राहून बघायचंय, म्हणून नेमका तोच गाळला जातो. कोविडमध्ये तर घराघरात ऑक्सिमीटर गेले, माझ्या चुलत सासूबाई पण "माझं ९७" म्हणून फोनवर सांगायच्या, तेव्हापासून सॅच्युरेशन चांगलं म्हणजे पेशंट चांगला असं डोक्यात पक्कं बसलंय. त्या मशीनचं सुद्धा, म्हणजे, २०२० च्या डिसेंबरात न्यू इंग्लंड जर्नलमध्ये मिशिगनच्या लोकांनी छापलं होतं की रक्तातला ऑक्सिजन खरं कमी असूनही ऑक्सिमीटर चांगलं दाखवतो असं कृष्णवर्णीय पेशंटमध्ये गोऱ्यांच्या जवळपास तिप्पट वेळा झालं. तो वेगळा विषय आहे, कधीतरी लिहीन, कारण आमच्या पुस्तकांतला बेडसोरचा पहिला टप्पा "त्वचा लाल होते" असा दिलाय आणि सावळ्या पाठीवर ती लाली दिसते कुठे, तिथे हात लावून गरम आहे का, कडक झालंय का हेच बघावं लागतं.

मुद्दा असा की सॅच्युरेशन चांगलं दिसतं ते बरेचदा पेशंट जीव तोडून श्वास घेतोय म्हणूनच चांगलं दिसतं. इन्फेक्शन असो, हार्ट फेल होत असो, आत कुठे रक्तस्राव होत असो, शरीरात आम्ल साठायला लागलं की मेंदूच्या मुळाशी असलेलं केंद्र श्वास वाढवतं, कार्बन डायऑक्साइड बाहेर फेकून हिशोब जुळवायला बघतं. हे आधी होतं. बीपी पडतं ते शेवटी, सगळे उपाय थकल्यावर. १९९३ ला अमेरिकेतल्या एका अभ्यासात वॉर्डात अरेस्ट झालेल्या, म्हणजे हृदय-श्वास बंद पडलेल्या पेशंटांचे आदल्या ७२ तासांचे व्हायटल्स, म्हणजे पल्स, बीपी, श्वास वगैरे, तपासले होते, त्यात २७ च्या वरचा श्वास हीच सगळ्यात बोलकी खूण निघाली. २००८ ला ऑस्ट्रेलियाच्या मेडिकल जर्नलमध्ये श्वासाला सरळ दुर्लक्षित व्हायटल साइन म्हटलं गेलं. २०१६ ला सेप्सिसची, म्हणजे इन्फेक्शनमुळे अवयव बिघडायला लागतात त्याची, झटपट चाचणी आली तिच्यात तीनच गोष्टी, त्यातली एक श्वास २२ किंवा जास्त. म्हणजे संशोधन कमी पडलंय असं अजिबात नाही. सगळं सांगून झालंय, परत परत सांगून झालंय.

तर मग होतं काय? इथे मला माझंच सांगावं लागेल.

जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा झाल्यावर पहिली नोकरी एका खाजगी हॉस्पिटलात, नाव नको. नाईट, मी एकटी, बेड तीस आणि एक मावशी. पहाटे पाचला टीपीआर सुरू केलं की साडेसहाला संपलं पाहिजे कारण सातला ओव्हर, म्हणजे पुढच्या ड्यूटीला सगळं सोपवायचं, मध्ये दोन इंजेक्शनचे राउंड, युरीन बॅगा रिकाम्या करायच्या, इनटेक-आउटपुटची बेरीज. त्यात एक साठीचे काका होते, पोटाचं ऑपरेशन होऊन तिसरा दिवस. मी त्यांचा ताप घेतला, बीपी घेतलं, ते म्हणाले सिस्टर जरा कसंतरी होतंय, मी म्हटलं डॉक्टर येतील आता राउंडला, आणि श्वासाच्या खाली २० लिहिलं. माझ्या हाताने, निळ्या पेनने, ते मला अजून दिसतं. साडेनऊला ते आयसीयूत गेले. पुढे काय झालं ते मला कळलंच नाही, मी ड्यूटी संपवून झोपले होते, आणि नंतर विचारायची हिंमत झाली नाही. मोजलं असतं तर काही वेगळं झालं असतं का, सांगता येत नाही. कदाचित तेव्हा खरंच २० असेल. पण मला ते माहीत नाही ना, हाच तर घोळ आहे, मी लिहिलं आणि मलाच माहीत नाही.

म्हणून कुणी मला येऊन म्हटलं की नर्सेस आळशी आहेत तर मी भांडते. साधा हिशोब करा. तीस पेशंट, प्रत्येकी एक मिनिट फक्त श्वासाला, झाला अर्धा तास, बाकी काही न करता, कुणी पाणी मागितलं नाही, कुणाची आयव्ही सुटली नाही, कुणाच्या नातेवाइकाने "सिस्टर जरा बघा ना" म्हटलं नाही असं धरून. इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या नॉर्म्समध्ये टीचिंग हॉस्पिटलला तीन पेशंटमागे एक आणि जनरल हॉस्पिटलला पाचांमागे एक नर्स लिहिलीये. वाचून आमच्या स्टाफरूममध्ये सगळ्या एकदम हसतात, कुणी काही बोलत नाही, नुसत्या हसतात. नर्सिंगमध्ये संशोधन करणाऱ्या लिंडा एकेन बाईंनी युरोपातल्या नऊ देशांतल्या तीनशे हॉस्पिटलांतल्या ४ लाख २२ हजार ७३० सर्जरीच्या पेशंटांचा हिशोब मांडला, २०१४ ला लॅन्सेट या मेडिकल जर्नलमध्ये आला. नर्समागे एक पेशंट वाढला की महिन्याच्या आत मरण्याची शक्यता ७ टक्क्यांनी वाढते, आणि डिग्री झालेल्या नर्सेसचं प्रमाण दहा टक्क्यांनी वाढलं की ती साधारण तेवढीच कमी होते. हा अभ्यास मी दरवर्षी शिकवते, आणि दरवर्षी शेवटच्या बाकावरून कुणीतरी विचारतंच, मॅडम मग आपल्याकडे का नाही वाढवत स्टाफ. पुढच्या टॉपिकला जाते मी.

आता आपल्या नर्सिंग रिसर्चबद्दल बोलते. एम.एस्सी. केलेल्या लोकांना हे वाचून ठसका लागेल पण आपल्या सगळ्यांच्या डिझर्टेशनचं, म्हणजे प्रबंधाचं नाव एकच असतं. "अमुक विषयाच्या ज्ञानावर स्ट्रक्चर्ड टीचिंग प्रोग्रामच्या परिणामकारकतेचा अभ्यास, तमुक शहरातील निवडक हॉस्पिटलांमधील स्टाफ नर्सेसमध्ये." विषय बदला, शहर बदला, बायंडिंगचा रंग कॉलेज ठरवतंच. साठ सॅम्पल, प्रीटेस्ट, फ्लॅशकार्ड नाहीतर पीपीटी, सात दिवसांनी पोस्टटेस्ट, पेअर्ड टी टेस्ट, पी ०.०५ पेक्षा कमी, निष्कर्ष काय तर शिकवल्यावर ज्ञान वाढलं. वाढणारच की! शिकवलं आणि आठवड्यात तेच प्रश्न परत विचारले.

माझाही तसाच आहे, सोवळं नेसून बसलेली नाही मी. मला खरं करायचं होतं वेगळं. मी सिनॉप्सिसमध्ये, म्हणजे अभ्यासाच्या आराखड्यात लिहिलं होतं की चार्टवर लिहिलेला श्वास आणि त्याच वेळी मी पूर्ण मिनिट मोजलेला श्वास यांची तुलना करायची. साधा अभ्यास, खर्च शून्य, एक सेकंद काट्याचं घड्याळ. गाईडनी चष्मा खाली करून बघितलं, म्हणाल्या, "बाळा, याला परमिशन कोण देणार? कुठलं हॉस्पिटल म्हणेल या आणि आमचे चार्ट खोटे आहेत ते सिद्ध करा? पास व्हायचंय ना? एसटीपी घे." त्यांचंही चुकलं म्हणवत नाही, त्यांनी अशा कितीतरी पोरी वेळेत पास करून दिल्यात. मी एसटीपी, म्हणजे तोच स्ट्रक्चर्ड टीचिंग प्रोग्राम, घेतला.

आणि प्रीटेस्टमध्येच मला कळलं की आपण काहीतरी फालतू मोजतोय. प्रश्न होता, प्रौढ माणसाचा नॉर्मल रेस्पिरेटरी रेट किती. एकीचंही चुकलं नाही. श्वास किती वेळ मोजावा, चार पर्याय, जवळजवळ सगळ्यांनी एक मिनिट. पेशंटला आधी सांगावं का, नाही, कारण सांगितलं की तो श्वास बदलतो. बरोबर. सगळ्यांना सगळं येत होतं! त्याच वॉर्डात, त्याच नर्सेसनी, तासाभरापूर्वी भरलेला चार्ट माझ्या समोर टांगलेला, वरपासून खालपर्यंत २०. ज्ञान कमी नव्हतंच. आणि मी ज्ञान वाढवायचा कार्यक्रम घेऊन आले होते, वेलकम ड्रिंक आणि सर्टिफिकेटसकट.

मजा म्हणजे मी ज्या दिवशी वॉर्डात वही घेऊन उभी राहायचे त्या दिवशी सगळ्या मन लावून मोजायच्या. याला हॉथॉर्न इफेक्ट म्हणतात, शिकागोजवळच्या एका कारखान्याच्या नावावरून, कुणीतरी बघतंय म्हटलं की माणसं काम वेगळं करतात. थिअरीत पाच मार्कांना येतो. प्रत्यक्षात बघितला तेव्हा वाटलं अरे म्हणजे यांना मोजता येतंय, वेळही मिळतोय थोडाफार, फक्त हा आकडा कुणी वाचत नाही हे त्यांना माहितीये. खरंच कोण वाचतं? राउंडला ताप विचारतात, बीपी विचारतात, शुगर विचारतात, युरीन किती झाली विचारतात. इतक्या वर्षांत राउंडला कुणी श्वास किती म्हणून विचारल्याचं मी बोटांवर मोजू शकेन. जो आकडा कुणी विचारत नाही तो कोण मोजेल?

याच्या उलट उदाहरण आपल्याच राज्यातलं, आणि ते नर्सिंग कॉलेजात शिकवत कसं नाहीत हे मला कोडंच आहे. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांच्या सर्च या संस्थेने बाळांच्या न्यूमोनियावर काम केलं, १९९० ला लॅन्सेटमध्ये आलं. न्यूमोनिया ओळखायची खूण काय तर श्वासच. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचा मिनिटाला ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष ५०, पुढे पाच वर्षांपर्यंत ४०, हे डब्ल्यूएचओचे आकडे. पण गावातल्या दाया निरक्षर, त्यांना मोठे आकडे मोजता येत नव्हते. म्हणून तिथे एक ब्रेथ काउंटर बनवला. एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि मण्यांच्या दोन ओळी, तान्ह्या बाळांची वेगळी, मोठ्यांची वेगळी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मणी सरकला तर न्यूमोनिया. बास. ना पेन ना कागद ना गुणाकार.

मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक बंद करून बसून राहिले होते. कारण तिथे कुणी त्या बायांची प्रीटेस्ट घेत बसलं नाही की यांना श्वासाबद्दल किती ज्ञान आहे. त्यांनी विचारलं की हिच्या हातात काय दिलं तर हिला हे करता येईल, आणि केल्यावर त्या आकड्यावरून पुढे काहीतरी घडेल. लाल मणी आला की औषध सुरू. आकडा आणि कृती यांच्यामध्ये कुणी नाही. आणि आमची पोरगी, बारावी सायन्स, अॅनाटॉमीत डिस्टिंक्शन, पल्मोनरी व्हेन आणि आर्टरी झोपेत सांगेल, ती २० लिहून मोकळी.

बरं परत नऊ नंबरच्या आजींकडे. मी त्या पोरीची केअर प्लॅनची वही मागितली. नर्सिंग डायग्नोसिस नंबर एक, रिस्क फॉर इन्फेक्शन. नंबर दोन, रिस्क फॉर फॉल. नंबर तीन, अँग्झायटी रिलेटेड टू हॉस्पिटलायझेशन. अक्षर सुंदर, पट्टीने रेघा, पण हे सीनियरच्या वहीतून आलेलं होतं आणि त्या सीनियरच्या वहीत तिच्या सीनियरच्या, आमच्या कॉलेजात रिस्क फॉर इन्फेक्शन वंशपरंपरेने चालत आलंय. या नर्सिंग डायग्नोसिसची सुरुवात १९७३ ला सेंट लुईसमध्ये झाली, क्रिस्टीन गेबी आणि मेरी ॲन लॅव्हिन या दोघींनी परिषद भरवली, हेतू चांगला होता, डॉक्टरांचं निदान डॉक्टरांकडे पण नर्स जे स्वतः बघते आणि ज्यावर स्वतः काही करू शकते त्याला नाव तर द्या. आपल्याकडे येईपर्यंत नावं तेवढी आली, बघणं वाटेत कुठेतरी उतरलं.

मी विचारलं, अँग्झायटी कशावरून? "मॅडम, पेशंटने सांगितलं. आजी सकाळपासून म्हणतायत, घाबरं व्हायलंय."

आता तुम्हीच सांगा. मराठवाड्यातली म्हातारी बाई "घाबरं व्हायलंय" म्हणते तेव्हा तिला भीती वाटत असते का? तिचा जीव घाबरा होत असतो, म्हणजे दम कोंडत असतो, हवा पुरत नसते. आपण घरी रोज हेच बोलतो, त्या पोरीची स्वतःची आजी हेच बोलत असेल. पण युनिफॉर्म घातला की कान इंग्लिश होतात, घाबरं म्हणजे फिअर, फिअर म्हणजे अँग्झायटी, मग इंटरव्हेन्शन काय तर रिअश्युअरन्स, पेशंटला धीर दिला. आजींना अर्धा दिवस धीर दिला गेला. मी त्यांच्याशेजारी बसले, विचारलं आजी, रात्री झोपता कसं? "कुठली झोप बाई, उताणं झोपवतच नाही, भिंतीला टेकून बसते." किती दिवस झाले? "चार रोज झाले की." पायाची सूज दाबून बघितली, बोट खोल गेलं आणि खड्डा तसाच राहिला. एवढं सगळं त्या सांगत होत्या, कागदावर यातलं काहीच नव्हतं.

आपल्या लोकांचे शब्द किती नेमके असतात बघा. धाप लागते म्हणजे चालल्यावर. दम कोंडतो म्हणजे बसल्या जागी. उताणं झोपवत नाही, हा एक वाक्याचा ऑर्थोप्निया आहे. छाती भरून आली वेगळं, छातीत कळ आली वेगळं, कणकण वेगळी आणि ताप वेगळा. आणि कसंतरी होतंय! याला तर कुठल्याच फॉर्ममध्ये रकाना नाही. नेदरलँड्सच्या लोकांनी नर्सला वाटणारी काळजी ही खूण म्हणून धरावी का यावर काम केलं, २०१५ ला त्यांचा आढावा आला, व्हायटल्स बिघडायच्या आधी नर्सला काहीतरी खटकतं ते नेमकं काय असतं ते शोधलं, आणि त्यात श्वासातला बदल आहे, रंग बदलणं आहे, आणि पेशंट स्वतः म्हणतो की मला बरं वाटत नाहीये, हे पण आहे. म्हणजे आपलं कसंतरी होतंय. मला त्या निळ्या पेनची आठवण आली ते वाचताना.

रेसिडेंटला फोन केला. नवीन मुलगा, रात्रभर जागा असावा. मी म्हटलं नऊ नंबरचा श्वास ३४ आहे, पूर्ण मिनिट मोजलाय, उताणं झोपता येत नाही, पायाला सूज. तो आला, छातीला स्टेथोस्कोप लावला, आणि मग भराभर ऑक्सिजन, अंगातलं पाणी लघवीवाटे काढणारं लॅसिक्स, ईसीजी, एक्स-रे, तासाभरात आजी वरच्या मजल्यावर गेल्या. तीन दिवसांनी परत खाली आल्या तेव्हा त्या आडव्या झोपल्या होत्या, दोन उशांवर, तोंड उघडं टाकून. त्या पोरीने स्वतःहून जाऊन मोजलं.

आता शिकवायचं कसं, हा माझा रोजचा प्रश्न. २०२१ पासून नवीन सिलॅबस आला, हेल्थ असेसमेंट सेकंड सेमलाच आलंय, ओस्की पण घ्यायची असते. ओस्की म्हणजे स्टेशनवार परीक्षा, रोनाल्ड हार्डन यांनी डंडीत १९७५ ला मांडलेली, एकेक टेबल, चेकलिस्ट, घंटा वाजली की पुढे. चांगली पद्धत आहे. मी श्वासाचं एक स्टेशन ठेवलं, एका इंटर्नला पेशंट करून झोपवलं आणि सांगितलं जरा भराभर श्वास घेत राहा. चेकलिस्टमध्ये ओळ होती, पूर्ण एक मिनिट मोजते, दोन मार्क. तर एक पोरगी आली, पल्स धरली, आणि पूर्ण साठ सेकंद घड्याळाकडे बघत उभी राहिली. फक्त घड्याळाकडे! छातीकडे एकदा पण नजर नाही. काटा बाराला आला, हसली, आणि म्हणाली वीस मॅडम. चेकलिस्टप्रमाणे तिला दोन्ही मार्क द्यावे लागले, मी पेन धरून तशीच बसले होते.

त्यानंतर मी ते स्टेशन बदललं. आता मी पेशंट झालेल्या पोरीचे श्वास स्वतः समांतर मोजते आणि आकडा दोनपेक्षा जास्त हुकला तर मार्क नाहीत, कितीही छान उभी राहिलीस तरी. वर्गातही पहिल्याच दिवशी जोड्या लावून एकमेकींचे मोजायला लावते आणि मोजणारीला दुसरीचा चेहरा बघू देत नाही, कारण चेहरा बघितला की हसतात आणि श्वास गेला. मग पोट हलतंय का छाती, ओढणी मध्ये येते, जाड आजींचं दिसतच नाही, मग काय करायचं, पदरावर हात ठेवायचा का, विचारून ठेवायचा की न विचारता, अशा शंका निघतात. या शंका पुस्तकात नाहीत. ज्यांनी खरंच मोजून बघितलंय त्यांनाच त्या पडतात.

आणि एक चूक केली. विषम आकड्याची गोष्ट मी वर्गात सांगून टाकली. वाटलं पोरींना आवडेल, डिटेक्टिव्हसारखं. पुढच्या सोमवारी वॉर्डात गेले तर सगळ्या चार्टांवर १९ आणि २१. एका पोरीने तर तापाच्या शेजारी चुकून तेच लिहून खोडलं होतं. इन्चार्ज सिस्टर मला म्हणाल्या, "काय शिकवलंत हो मॅडम यांना, सगळ्या वॉर्डाचा श्वास एका दिवसात बदलला." हसावं की रडावं.

त्यामुळे आता विषम आकड्यावर पण भरवसा नाही, परत बेडवर जाऊन बघावं लागतंच. परवा सहा नंबरच्या चार्टवर २३ दिसला. मनात म्हटलं घ्या, अजून एक. तरी उभी राहिले, मोजलं, २४ आले. खाली नर्सेस नोट्स बघितल्या तर त्याच नऊ नंबरवाल्या पोरीची सही, वेळ सव्वादोन, आणि इंग्लिश ओळींच्या मध्येच एक ओळ देवनागरीत, अवतरण चिन्हात: "जिना चढल्यावर धाप, बसल्यावर कमी." तिला विचारलं हे मराठीत का लिहिलंस, तर म्हणाली, "मॅडम, इंग्लिशमध्ये लिहिलं की आजी काय म्हणाल्या ते राहूनच जातं." इन्चार्ज सिस्टरना ते आवडलेलं नाही, ऑडिटला चालणार नाही म्हणतायत, उद्या त्यांच्याशी बोलायचंय.